पुरात बांध वाहून गेला, आता हद्द कशी काढायची? रोव्हर मोजणी आणि जमिनीचे नवे नकाशे, अनुभव सांगा

सीनाकाठ
राम राम मंडळी. मी मोहोळ तालुक्यातला, रान सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ च्या पुराचं वेगळं सांगायला नको, करमाळा माढा मोहोळ उत्तर सोलापूर सगळीकडं नदीनं रानं खरडून नेली. पीक गेलं, मोटारी गेल्या, पाइपलाइन गेली, ते सगळं परत उभं करता येईल. पण माझ्या आणि शेजारच्या आप्पांच्या मधला बांधच राहिला नाही. बांधावर दोन लिंब होते, कोपऱ्याला हद्दीचा दगड होता, काही म्हणजे काही शिल्लक नाही. खालच्या अंगाला गाळ येऊन बसलाय आणि वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय. आप्पा सरळ माणूस, आमचं कधी वाजलं नाही, पण त्यांची पोरं आता जेसीबी लावून गाळ ओढायला निघालीत आणि बांध कुठून धरायचा ह्यावर जुळंना.

ऐकतोय की आता मोजणी रोव्हरनं (काठीवर बसवलेलं मशीन) होते, उपग्रहावरनं, नकाशावर अक्षांश रेखांश येतात. तर सरळ प्रश्न, जमिनीवर एकही खूण नसताना हे मशीन जुनी हद्द दाखवणार का? आणि मोजणी एकट्यानं आणायची का सगळ्या पट्ट्यानं मिळून? माझं मत असं की अख्ख्या नदीकाठाची नव्यानं मोजणी व्हायला पाहिजे आणि प्रत्येक कोपऱ्याचे आकडे सातबाऱ्याला जोडले पाहिजेत, म्हणजे उद्या दगड गेला तरी भांडण उभं राहणार नाही.

बार्शीचा गडी
सगळ्यात आधी तो जेसीबी थांबवा. गाळ ओढला की खालची उरलीसुरली खूण पण जाती.

माळावरचा
आमच्याकडं पूर न येता दगड चालत जातोय की ओ. दर नांगरटीला वीतभर. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नवा आल्यापास्नं तर पळायलाच लागलाय.

जुना मोजणीदार
सीनाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण. नोकरी सगळी भूमी अभिलेखात (जमीन मोजणीचं सरकारी खातं) गेली, साखळी ओढत सुरुवात केली, मग तिपाईवरचा फलक, मग ईटीएस (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र), जाता जाता रोव्हर हातात आला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या रानांची मूळ मोजणी इंग्रजांच्या काळातली. १८३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातनं ही पद्धत सुरू केली, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच. त्याच्याआधी प्रिंगल साहेबाची एक मोजणी झाली होती, पण तिच्यावर बसवलेला सारा शेतकऱ्याला झेपंना म्हणून ती सोडून द्यावी लागली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १०८९ चौरस फूट, तो ह्या साखळीमुळंच. शेतातनं एक मुख्य लाइन टाकायची, तिच्यावरनं दोन्ही बाजूला लंब काढून बांधाचा एकेक कोपरा धरायचा आणि अंतरं साखळी-आण्यात लिहायची. त्या कागदाला टिपण म्हणतात. तुमच्या रानाची खरी हद्द ह्या टिपणात आहे. सातबारा फक्त क्षेत्र आणि नाव सांगतो, आकार सांगत नाही.

आता रोव्हर. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यभर कायमची स्टेशनं बसवलीत, त्यांना कॉर्स म्हणतात. त्या स्टेशनची जागा आधीच पक्की ठाऊक असते, त्यामुळं उपग्रहाकडनं येणाऱ्या सिग्नलमध्ये ह्या घडीला किती फरक पडतोय ते कळतं आणि ती दुरुस्ती मोबाइल नेटवर्कवरनं शेतातल्या रोव्हरला मिळते. काठी टेकवली की काही सेंटीमीटरच्या आत बिंदू येतो. ह्यात खोट काढायला जागा नाही. पण रोव्हरला तो स्वतः कुठं उभा आहे तेवढंच कळतं, तुमची हद्द कुठं होती ते नाही. ती टिपणातनं आणावी लागते, आणि टिपण जमिनीवर बसवायला भोवतालची न हललेली ठिकाणं लागतात. जुनी विहीर, शिवेचा दगड, जुना बांध, गाडीवाट. तुमच्याकडं पुराच्या पाण्यात न गेलेल्या वरच्या गटांतली ठिकाणं धरून खाली नदीकडं उतरत यावं लागेल. म्हणून एकट्या गटाची मोजणी लंगडी पडेल. पट्टा मिळून अर्ज करा.

ऊस बागायतदार
आण्णा, तुमचा मान ठेवून बोलतो, पण माझा ह्या मशिनींवरचा विश्वास उडालाय. आमच्या गटाची मोजणी झाली, बांध शेजाऱ्याच्या अंगाला चार फूट सरकला. शेजाऱ्यानं हरकत घेऊन परत मोजणी आणली तर तोच बांध माझ्या अंगाला. दोन्ही वेळेला मशीनच होतं, दोन्ही वेळेला नकाशावर सही शिक्का. आता तेच दोन नकाशे घेऊन कोर्टात उभे आहोत, रान पडून आहे, वकिलाला तेवढं बागायत झालंय. सेंटीमीटरच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, इथं माणूस फुटात मार खातोय.

जुना मोजणीदार
@ऊस बागायतदार, तुमचा राग रास्त आहे. असं होण्याचं कारण बघा. पहिल्या मोजणीदारानं समजा पूर्वेकडचा बांध पक्का धरला आणि तिकडनं टिपण बसवलं, दुसऱ्यानं पश्चिमेची विहीर धरली. टिपण आणि जमीन तंतोतंत कधीच जुळत नाहीत, शंभरावर वर्षांत थोडं इकडं थोडं तिकडं झालेलं असतं, तो सगळा फरक नेमका मधल्या बांधावर येऊन पडतो. आणि ईटीएसच्या मोजण्यांत बहुतेक वेळा त्या शेतापुरतेच आकडे असायचे, पहिला बिंदू मनानं धरलेला. त्यामुळं दोन नकाशे एकमेकांवर ठेवून फरक कुठं पडला ते दाखवता येत नव्हतं.

ई-मोजणी ह्या खात्याच्या ऑनलाइन प्रणालीच्या नव्या आवृत्तीत 'क' प्रतीवर (अर्जदाराला मिळणारा मोजणीचा नकाशा) अक्षांश रेखांश येतात. म्हणजे दुसरा मोजणीदार आला तरी पहिल्यानं कुठला बिंदू धरला होता ते त्याला तिथं उभं राहून बघता येतं, आणि का बदलला ते लिहून द्यावं लागतं. मोठा फायदा माझ्या लेखी हा आहे. तुमच्या केसमध्ये दोन्ही मोजण्यांत काय काय धरलं होतं त्याचा तपशील मागून घ्या.

अजून एक, ऊस उभा असताना मोजणी आणू नका. कोपरा दिसत नाही, काठी धरून चालता येत नाही, मोजणीदार अंदाजानं पुढं जातो. तोडणी झाली की लगेच आणा.

पेठेतली पोर
मी सोलापूरचीच, पुण्यात जीआयएसचं (कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं) काम करते. एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण घरचे लोक पण हेच करतात. मोबाइलवर सॅटेलाइटचा फोटो उघडायचा, त्यावर गटाची रेघ बघायची आणि शेजाऱ्याला दाखवायची की बघ तू आत आलायस. कृपा करून असं करू नका.

गावाचा कागदी नकाशा स्कॅन करून फोटोवर ताणून बसवलेला असतो. १:१०,००० प्रमाणाचा नकाशा धरला तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. पेनाची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, तिच्याखाली ५ मीटर रान झाकलं जातं. त्यात कागद दमटपणानं, घड्यांनी आकसलेला. वर तुमच्या मोबाइलचा जीपीएस उघड्या रानात सुद्धा तीन-पाच मीटर इकडं तिकडं दाखवतो. गाव कुठं, गट साधारण कुठं हे कळायला तो नकाशा छान आहे, बांध ठरवायला नाही.

सीनाकाठ दादा, तुमच्यासाठी मात्र जुने सॅटेलाइट फोटो उपयोगाचे आहेत. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडलं तर मागच्या वर्षांचे फोटो बघता येतात. पुराच्या आधीच्या फोटोत तुमचा बांध, ते दोन लिंब, त्यांच्या सावल्या दिसतील. त्यानं कायदेशीर हद्द ठरत नाही, पण वहिवाट कुठपर्यंत होती ते दोघांना समोर बसून बघता येईल, आणि मोजणीदाराला पण आधार मिळेल.

सीनाकाठ
ताई लई मोलाचं सांगितलंत. लगेच बघतो, आप्पांना पण बोलावतो बघायला.

माळावरचा
ई-पीक पाहणीत (पिकाचा फोटो काढून सातबाऱ्याला नोंद करायचं सरकारी ॲप) तेच होतंय मग! मी माझ्या तुरीत उभा राहून फोटो काढतोय आणि ॲप म्हणतंय तुम्ही गटापासनं लांब आहात. शेजारच्या आज्जीच्या ज्वारीत जाऊन उभा राहिलो तर घेतलं.

पेठेतली पोर
हो, बऱ्याचदा कारण हेच. नकाशा बसवताना अख्खा गावच थोडा सरकलेला असतो.

अक्कलकोटकर
आमचं अर्धं गणगोत कर्नाटकात, इंडी आणि आळंदकडं. तिकडं दिशांक म्हणून सरकारी ॲप आहे, शेतात उभं राहिलं की सर्व्हे नंबर दाखवतंय. पण त्यापेक्षा भारी गोष्ट वेगळीच. तिकडं गटातला तुकडा विकायचा असला की आधी मोजणी करून अकरा-ई नकाशा काढावा लागतो, त्याशिवाय खरेदी नोंदवत नाहीत. मेव्हण्यानं दोन एकर घेतली तेव्हा बघितलं, कुठले दोन एकर ते खरेदीखतालाच जोडलेलं. आपल्याकडं 'गट नंबर अमुक पैकी ८० आर (दोन एकराच्या आसपास), पूर्वेस अमका पश्चिमेस तमका' एवढ्यावर व्यवहार होत आलेत आणि पुढची दहा वर्षं ते ८० आर शोधण्यात गेलीत.

करमाळ्याची लेक
अक्कलकोटकरांनी दुखत्या जागी बोट ठेवलं. आमच्या माहेरचा सातबारा बघा म्हणजे कळेल. वडील आणि चुलत्यांची वाटणी फार पूर्वी तोंडी झाली, मग तलाठ्याकडं फेरफार झाला, गटाचे १, २, ३ असे हिस्से पडले, सातबारे वेगळे झाले. पण नकाशात अजून एकच गट आहे! हिस्सा १ कुठला, २ कुठला, ह्याची मोजणी कधीच झाली नाही. चुलते म्हणतात विहिरीकडचं आमचं, आम्ही म्हणतो आमचं, आणि दोघांचेही सातबारे खरे. सातबारा महसूलच्या एका खात्यात फिरला, नकाशा दुसऱ्या खात्यात जागेवर राहिला.

आता आम्ही तिघी बहिणींची वारसाला नावं लागली. नाव लागलं ह्याचा आनंद आहेच, कारण नाव लावून घेतानाच किती बोलणी खावी लागतात ते बायकांना माहीत आहे. पण नकाशात तुकडाच नाही तर वाटा मागायचा कुठला? भाऊ म्हणतो 'घे की, कुठंही घे', म्हणजे कुठंच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ड्रोन उडवा, रोव्हर आणा, काय हवं ते करा, पण आधी हे पोटहिस्से मोजून नकाशावर आणा. नाहीतर जुनाच घोळ सेंटीमीटरमध्ये छापून मिळेल.

जुना मोजणीदार
ताई, शंभर टक्के. १९४७ च्या कायद्याखाली तुकडेजोड झाली तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यातही कित्येक गावांत कागदावरचा गट आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळली नाही. वर असे पोटहिस्से. पोटहिस्सा मोजणीला मात्र सगळ्या हिस्सेदारांची संमती आणि सह्या लागतात, नाहीतर कोर्टातनं वाटपाचा हुकूम. मशीन तासाभरात काम करून मोकळं होतं, सह्या मिळायला मात्र वर्षं जातात.

वकीलसाहेब नव्हे
एक कायद्याची बाजू. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणं अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच. मालकी ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं. त्यामुळं कितीही अचूक नकाशा केला तरी तो 'इथनं इथपर्यंत' सांगेल, 'कुणाचं' ते नाही. दोन्ही गोष्टी एक समजून लोक मोजणीवर नको तेवढी आशा ठेवतात.

मंगळवेढ्याची ज्वारी
आमच्या गावात स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली त्याचं सांगतो. योजना २४ एप्रिल २०२० ला देशभर जाहीर झाली, पण आपल्या राज्यात त्याच्या आधीच पुरंदरच्या सोनोरी गावात ड्रोनचा प्रयोग झालेला. आमच्यात ड्रोन यायच्या आधी दवंडी दिली, की प्रत्येकानं आपापल्या घराच्या जागेची हद्द चुन्यानं आखून ठेवा. सकाळपास्नं अख्खं गाव घमेल्यात चुना घेऊन रस्त्यावर. खरी गंमत तिथं झाली, भांडणं ड्रोननं नाही चुन्यानं सोडवली! शेजारी शेजारी उभे राहून रेघ मारायची म्हटल्यावर लोक तिथल्या तिथं बोलायला लागले, परड्याचा कोपरा, न्हाणीचं पाणी, बोळ कुणाचा. बरंचसं तिथंच मिटलं. जिथं दोघांनी दोन रेघा मारल्या तिथलंच चौकशीला गेलं.

पण वाईट एवढंच की हे गावठाणापुरतं. आमच्या तालुक्यात निम्मी माणसं वस्तीवर, रानात घर बांधून राहत्यात. त्यांना ह्या मोजणीतनं मिळणारी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नाही आणि घरावर कर्ज काढायला गेलं की कागद दाखवा म्हणतात.

बार्शीचा गडी
मंगळवेढेकर, हुरड्याला बोलवा कधी तरी, तिथंच वस्तीवर बसून हा धागा पुढं चालवू. शेंगा चटणी मी आणतो.

मंगळवेढ्याची ज्वारी
या की, दाणा हुरड्यात आला की कळवतो. फक्त 'मालदांडी ज्वारीचाच हुरडा पाहिजे' असला आग्रह धरू नका, ह्या साली उशीर झालाय.

ऊस बागायतदार
सगळं पटलं, पण एक कुणी बोलत नाही. समजा उद्या सगळ्या गावाची अचूक मोजणी झाली आणि माझ्या सातबाऱ्यावर २ हेक्टर लिहिलंय पण मशीन म्हणालं १ हेक्टर ९२ आर, तर ते ८ आर कुणी भरून द्यायचे? कर्ज २ हेक्टरवर काढलंय, खरेदी २ हेक्टरची केलीय. त्यात आमच्याकडं कित्येक जण आर आणि गुंठा एकच धरतात. एकर म्हणजे ४० गुंठे, पण आरमध्ये ते ४०.४७ होतात. हा फरक पाच-सहा एकराला अडीच-तीन गुंठ्यांवर जातो. बागायतीत तीन गुंठे म्हणजे थोडकी गोष्ट नाही. लहान शेतकरी भ्यालाय तो ह्यालाच, मोजणीला विरोध करतो म्हणून त्याला अडाणी म्हणू नका.

पेठेतली पोर
बरोबर आहे काका, ही भीती खरी आहे आणि जिथं जिथं फेरमोजणी होते तिथं ती असतेच. माझं मत, अशा वेळी जमिनीवर वर्षानुवर्षं सगळ्यांना मान्य असलेला बांध मोठा मानावा आणि कागदावरचं क्षेत्र त्याप्रमाणं दुरुस्त करावं, बांध हलवू नये. क्षेत्र कमी आलं म्हणून शेजाऱ्याच्या रानात घुसायचं नाही.

आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे, डोंगराळ, रानं आपल्यापेक्षा बारकी. तिथं २००९ ते २०१३ च्या आसपास अख्ख्या देशाच्या जमिनीची नोंद केली, एक कोटीच्या वर तुकडे. फार महागडी यंत्रं वापरली नाहीत. विमानातनं आणि उपग्रहावरनं काढलेल्या फोटोंचे मोठे छाप घेऊन गावातलीच शिकवलेली पोरं शेतात जायची, मालक आणि शेजारी सगळे बांधावरनं सोबत चालायचे, आणि सर्वांसमोर फोटोवर पेनानं रेघ मारली जायची. बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं लागलं. अचूकता सेंटीमीटरची नव्हती, पण शेजाऱ्याच्या साक्षीनं झालेली रेघ होती. मंगळवेढेकरांच्या चुन्याची गोष्ट वाचून मला तेच आठवलं. आपल्याकडं रोव्हर पण आहे आणि टिपण पण आहे, फक्त बांधावरनं सोबत चालणं राहतं. नोटीस एकाला मिळते, दुसरा पुण्याला असतो, तिसरा रागानं येत नाही, आणि मोजणी उरकली जाते.

करमाळ्याची लेक
आणि त्या नोटिसा बहिणींच्या सासरच्या पत्त्यावर पण जाऊ देत. माहेरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस आमच्यापर्यंत कधीच येत नाही.

वकीलसाहेब नव्हे
@करमाळ्याची लेक, अर्ज करतानाच सगळ्या सहधारकांचे सध्याचे पत्ते आणि मोबाइल नंबर लिहून द्या. नंतर 'मला कळवलंच नाही' ह्या एका मुद्द्यावर मोजण्या रद्द झालेल्या बघितल्यात.

सीनाकाठ
मंडळी, मधल्या काळात इकडं बरंच झालं म्हणून लिहितो. आप्पा आणि त्यांची पोरं घरी आली, कॉम्प्युटरवर पुराच्या आधीचा फोटो काढला. दोन्ही लिंब स्पष्ट दिसतायत, बांधाची काळी रेघ पण. थोरला पोरगा म्हणाला, मला वाटत होता तेवढा बांध तुमच्याकडं नाही, आमच्या अंगाला आहे. असं तोंडानं म्हणणारा माणूस आजकाल कुठं भेटतो, मला फार बरं वाटलं. जेसीबी तूर्त थांबवलाय. वरच्या आळीतले सात-आठ गटवाले मिळून मोजणी आणायला तयार झालेत, फक्त एक जण मुंबईला आहे आणि एकाचा नदीकडचा कोपरा पात्रातच गेलाय, तो म्हणतो मी पैसे कशाला भरू.

आण्णा, आता कागद कुठले काढू आणि त्या पात्रात गेलेल्याचं काय करू ते सांगा.

जुना मोजणीदार
ज्याचा कोपरा पात्रात गेला त्याला तर सगळ्यात आधी घ्या. किती रान गेलं ते मोजून कागदावर आलं नाही तर नसलेल्या जमिनीचा सारा त्याच्या नावावर राहील आणि नुकसानीच्या वेळेला पुरावा काय दाखवणार. त्याचे पैसे सगळ्यांनी वाटून भरले तरी चालतील, त्याच्या गटाशिवाय नदीकडची बाजू बंद होत नाही.

कागद म्हणाल तर भूमी अभिलेख कार्यालयातनं तुमच्या आणि आजूबाजूच्या गटांच्या टिपणाच्या आणि गट नकाशाच्या नकला घ्या, तुकडेजोडीच्या आधीचे सर्व्हे नंबर काढा कारण टिपण त्या नंबरावर सापडतं. फाळणी (सर्व्हे नंबरचे हिस्से मोजून पाडणं) झाली असेल तर फाळणीची नक्कल वेगळी मागा. आकारबंद (प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि सारा लिहिलेली नोंदवही) घ्या, त्यातलं क्षेत्र आणि सातबाऱ्यातलं क्षेत्र जुळतंय का बघा, जुळत नसेल तर मोजणीच्या दिवशी नाही, आत्ताच कळलेलं बरं. मुंबईवाल्याला व्हॉट्सॲपवर नाही, लेखी कळवा, तारीख त्याच्या सोयीची घ्या.

मोजणीदार आला की पहिला बिंदू कुठला धरतो ते सगळ्यांनी तिथं उभं राहून बघा आणि त्याला पंचनाम्यात लिहायला सांगा. वरच्या अंगाला जुनी दगडी विहीर असंल तर तिथनं सुरुवात करायची विनंती करा. आणि कोपरे निघाले की त्याच दिवशी सिमेंटचे खांब पुरा, काळ्या रानात दोन फुटांवर पुरून उपयोग नाही, भेगा पडल्या की कलतात. खाली मुरूम लागेपर्यंत खणा.

सीनाकाठ
विहीर आहे, आज्याच्या काळातली, वरच्या चुलत्यांच्या गटात. उद्या नकला मागायला जातो. आप्पांचा थोरला म्हणाला मी पण येतो संगं.